विश्लेषण : सर्व्हर बंद, इंटरकॉम बंद, व्हॉट्सॲपही बंद... रुग्णालयातील डॉक्टर एकमेकांशी बोलणार कसे?

आयर्लंडमध्ये १४ मे २०२१ च्या पहाटे सरकारी आरोग्यसेवेचे संगणक एकामागून एक कुलूपबंद होऊ लागले. हल्ला आणखी पसरू नये म्हणून तेथील हेल्थ सर्व्हिस एक्झिक्युटिव्ह अर्थात ‘एचएसई’ने देशभरातील आपली संगणक यंत्रणा स्वतःच बंद केली. रुग्णांच्या नोंदी, प्रयोगशाळेचे अहवाल, एक्स-रे दिसेनासे झाले, याची बातमी जगभर झाली. त्याच वेळी आणखी एक गोष्ट बंद पडली होती आणि तिची चर्चा त्यामानाने कमी झाली. कर्मचाऱ्यांचे आपसातले बोलणेच थांबले होते. ईमेल गेले आणि नेटवर्कवर चालणारे टेलिफोनही गेले.

भारतातील रुग्णालयांत आज हे बोलणे मुख्यतः व्हॉट्सॲप ग्रुपवर चालते. ते सुरक्षित आहे का आणि आणीबाणीत ते टिकेल का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बहुतेक वेळा पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला दिले जाते.

आयर्लंडमध्ये नेमके काय झाले?

सुरुवात दोन महिने आधीच झाली होती. १८ मार्च २०२१ रोजी एका कर्मचाऱ्याच्या संगणकावर ईमेलसोबत आलेली एक्सेल फाइल उघडली गेली. त्यातून हल्लेखोर आत शिरले आणि आठ आठवडे आतच राहिले. ‘कॉन्टी’ नावाचे रॅन्समवेअर त्यांनी मे महिन्यात सुरू केले. रॅन्समवेअर म्हणजे फायलींना कुलूप लावून किल्लीसाठी खंडणी मागणारा प्रोग्राम. एचएसईच्या जाळ्यात तेव्हा ५४ रुग्णालये, सुमारे चार हजार ठिकाणे आणि ७० हजारांहून अधिक संगणक होते.

डब्लिनमधील रोटुंडा या प्रसूती रुग्णालयाने ३६ आठवडे पूर्ण झालेल्या गर्भवती वगळता बाह्यरुग्ण तपासण्या रद्द केल्या. डॉक्टर, परिचारिका कागद-पेनवर आले. निरोपासाठी स्वतःचे मोबाइल, कुठे शिल्लक असतील ते जुने ॲनालॉग फोन आणि प्रत्यक्ष भेट एवढेच मार्ग उरले. सरकारने खंडणी दिली नाही. हल्लेखोरांनी २० मे रोजी किल्ली स्वतःहून देऊन टाकली, तरी सर्व्हर पूर्ववत व्हायला सप्टेंबर उजाडला.

फोन का बंद पडले, हे समजून घेण्यासारखे आहे. पूर्वी रुग्णालयाचा इंटरकॉम स्वतंत्र तारेवर चालायचा. नव्या इमारतींत तो इंटरनेटच्याच तारेवरून जातो. खर्च वाचतो, एकच जाळे सांभाळावे लागते. पण ते जाळे बंद केले की संगणकासोबत फोनही मुका होतो. फोन नंबरांची यादीही त्याच सर्व्हरवर असेल, तर मोबाइल हातात असून कोणाला लावायचा ते कळत नाही. आणीबाणी संपर्काची पहिली अट इथेच दिसते. जे कोसळण्याची भीती आहे, त्याच्याच आधारावर पर्याय उभा असून चालत नाही.

व्हॉट्सॲप तर ‘एंड टू एंड’ सुरक्षित आहे ना?

आहे, आणि ते चांगलेच आहे. संदेश पाठवणाऱ्याच्या फोनवर बंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतो. मधल्या तारेवर कोणी कान लावला, तरी त्याला अर्थहीन अक्षरेच मिळतात. खुद्द कंपनीलाही मजकूर वाचता येत नाही.

पण हे कुलूप फक्त वाटेतल्या प्रवासाचे आहे. रुग्णाची माहिती फुटते ती बहुतेक वेळा दोन्ही टोकांना. निवासी डॉक्टरने वॉर्डातून पाठवलेला जखमेचा फोटो सल्लागार डॉक्टरांच्या फोनमध्ये पोहोचतो. सेटिंग बदललेले नसेल, तर तो थेट गॅलरीत, घरच्या लग्नाच्या फोटोंशेजारी जाऊन बसतो. तिथून आपोआप क्लाउडवर जातो. फोन घरात मुलांच्या हाती असतो. फोन हरवतो, विकला जातो. नोकरी सोडून गेलेली व्यक्ती ग्रुपमध्ये तशीच राहते, कारण ॲडमिन कोण हेच कोणाला आठवत नाही. कोणी काय पाहिले, काय पुढे पाठवले, याची नोंद रुग्णालयाकडे नसते. ग्रुप रुग्णालयाच्या नावाचा असला, तरी मालकी रुग्णालयाची नसते.

स्कॉटलंडमध्ये हे प्रकरण नियामकापर्यंत गेले. एनएचएस लॅनर्कशायरच्या २६ कर्मचाऱ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप एप्रिल २०२० ते एप्रिल २०२२ या काळात चालू होता. ॲप फक्त प्राथमिक संपर्कासाठी उपलब्ध करून दिले होते. कोविडमुळे कार्यालयात कमी लोक होते, काम अडू नये म्हणून त्यावर रुग्णांची माहितीही जाऊ लागली. नावे, फोन नंबर, पत्ते असा तपशील ५०० हून अधिक वेळा टाकला गेला. छायाचित्रे आणि वैद्यकीय माहितीही होती. मग एक दिवस संबंध नसलेली व्यक्ती चुकून ग्रुपमध्ये घेतली गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तालयाने संस्थेला लेखी समज दिली. या सगळ्यात एन्क्रिप्शन कुठेही तुटले नव्हते, हे लक्षात घ्यायला हवे.

दोष मात्र एकट्या कर्मचाऱ्यांवर टाकता येत नाही. रात्री दोन वाजता ईसीजीत गडबड दिसली आणि मोठे डॉक्टर घरी असले, तर निवासी डॉक्टर फोटो काढून पाठवणारच. संस्थेने याहून सोपा मार्ग दिला नसेल, तर नुसत्या बंदीच्या परिपत्रकाने काही होत नाही.

रुग्णालयांसाठीच्या ॲपमध्ये वेगळे काय असते?

संदेशांचे कुलूप साधारण तेच असते. फरक भोवतालच्या व्यवस्थेत आहे. खाते रुग्णालय उघडते आणि नोकरी सुटली की रुग्णालयच बंद करते. फोटो गॅलरीत न जाता ॲपच्या आतच राहतो. फोन हरवला तर त्यातला रुग्णालयाचा मजकूर दुरून पुसता येतो. कोणी काय उघडले याची नोंद राहते.

आणीबाणीसाठी त्याहून महत्त्वाची आहे ती पदानुसार संपर्काची सोय. संदेश एखाद्या डॉक्टरच्या नावाने न जाता ‘आज रात्रीचे ऑन-कॉल हृदयरोगतज्ज्ञ’ या पदाला जातो. ड्युटी बदलली की संदेशाची वाटही बदलते. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘सर, बेड ७ चा बीपी पडतोय’ असे टाकल्यावर १४ जण पाहतात आणि प्रत्येकाला वाटते, दुसरा कोणी गेला असेल. निळी टिक म्हणजे संदेश उघडला गेला. ‘मी निघालो’ असा तिचा अर्थ नसतो. या ॲपमध्ये जबाबदारी घेतल्याचे बटण दाबावे लागते. ठरलेल्या मिनिटांत ते दाबले नाही, तर संदेश आपोआप पुढच्या डॉक्टरकडे जातो, मग त्याच्या वरिष्ठाकडे. फोन सायलेंटवर असला तरी तातडीचा इशारा मोठ्याने वाजवण्याची सोय असते.

अमेरिकेतही हा प्रश्न बरीच वर्षे घोळत होता. अखेर तेथील मेडिकेअर-मेडिकेड यंत्रणेने फेब्रुवारी २०२४ मध्ये रुग्णालयात औषधोपचाराच्या सूचना संदेशाने देण्यास मुभा दिली, पण गोपनीयता कायद्यात बसणाऱ्या सुरक्षित प्रणालीवरूनच.

पेजर अजून का जिवंत आहे?

भारतात १९९५ च्या सुमारास आलेला पेजर मोबाइल स्वस्त होताच काही वर्षांत दिसेनासा झाला. सप्टेंबर २०२४ मधील लेबनॉनच्या स्फोटांमुळे तो पुन्हा बातम्यांत आला, पण तो विषय वेगळा. ब्रिटनच्या एनएचएसमध्ये २०१९ साली सुमारे १ लाख ३० हजार पेजर वापरात होते, जगात उरलेल्या पेजरपैकी १० टक्क्यांहून अधिक. त्यांवर वर्षाला ६६ लाख पौंड खर्च होत होते. तेव्हाचे आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांनी २०२१ अखेर ते बंद करण्याचा आदेश दिला.

या आदेशातील एक सवलत बोलकी होती. वाय-फाय बंद पडले किंवा दुसरा मार्ग उरला नाही, तर वापरायला थोडे पेजर ठेवण्याची परवानगी रुग्णालयांना होती. कारण पेजरचे तंत्र साधे आहे. रुग्णालयाच्या स्वतःच्या ट्रान्समीटरवरून रेडिओ लहरी निघतात, जाड भिंती आणि तळघरांतही पोहोचतात, सेल आठवडेच्या आठवडे टिकतो. टॉवरवर गर्दी झाली म्हणून संदेश अडत नाही.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र पेजर अगदी उघडा आहे. अनेक पेजर यंत्रणांत संदेश कुलूप न लावताच हवेत सोडला जातो. कॅनडातील व्हँकूव्हर परिसरात रुग्णालयांचे पेजर संदेश, त्यात रुग्णांची माहिती, अशा प्रकारे कोणालाही पकडता येत असल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. त्यासाठी साधा, स्वस्त रेडिओ रिसीव्हर पुरतो. व्हॉट्सॲपला कुलूप आहे, पण ते इंटरनेटवर अवलंबून. पेजर इंटरनेटविना पोहोचतो, पण त्याला कुलूप नाही. म्हणून पेजरवर ‘वॉर्ड ४, तातडीने या’ एवढेच पाठवायचे आणि नाव, आजार टाकायचा नाही, हा शहाणा मार्ग.

व्हॉट्सॲपच बंद पडले तर?

हे मोठ्या प्रमाणावर झाले आहे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी भारतात रात्री नऊनंतर फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद होते. २५ ऑक्टोबर २०२२ रोजी व्हॉट्सॲप भरदुपारी दोनेक तास गेले. पहिल्या घटनेत हल्ला नव्हता, देखभालीतील चूक होती. गंमत अशी, की फेसबुकच्या अभियंत्यांची अंतर्गत साधनेही त्याच जाळ्यावर होती. दुरुस्ती करणाऱ्यांचेच हात बांधले गेले.

कॅनडात ८ जुलै २०२२ रोजी रॉजर्स या दूरसंचार कंपनीचे जाळे कोसळले. एक कोटी २० लाखांहून अधिक ग्राहकांना फटका बसला, अनेकांना ९११ हा आणीबाणीचा क्रमांकही लागेना. कंपनीचे कर्मचारी आपसात बोलायला कंपनीचीच सेवा वापरत होते. शेवटी दुसऱ्या कंपन्यांची सिम कार्डे दूरच्या केंद्रांवर पोहोचवावी लागली, असे नंतरच्या स्वतंत्र अहवालात नोंदले आहे. बिघाड कुठे आहे हे कळायला तास गेले, त्यात हेही एक कारण होते.

भारतातील स्थिती काय?

दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ रोजी ई-हॉस्पिटलचे सर्व्हर रॅन्समवेअरने बंद पाडले. पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाल्याचे सरकारने संसदेत सांगितले. नोंदणी, दाखल करणे, बिले, अहवाल हे सारे जवळपास दोन आठवडे हाताने चालले. नेटवर्कचे कप्पे नीट पाडलेले नव्हते, हे कारण सरकारी उत्तरातच होते. म्हणजे एका खोलीत आग लागली आणि मधले दरवाजेच नव्हते.

संपर्क तुटायला हॅकरच लागतो असेही नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत मोबाइल आणि लँडलाइन दोन्ही मोठ्या भागात तासन्‌तास बंद होते. २००१ च्या भूज भूकंपात बाहेरच्या जगाशी बोलायला हॅम रेडिओवाले कामी आले होते. २०२३ मध्ये देशभरातील मोबाइलवर मोठ्या आवाजात वाजलेले चाचणी-इशारे आठवत असतील. ते सेल ब्रॉडकास्ट तंत्र टॉवरच्या परिसरातील सर्व फोनना एकदम संदेश देते, एसएमएससारखी रांग लागत नाही. मात्र ते जनतेसाठी आहे आणि एकतर्फी आहे. वॉर्डातल्या सिस्टरला त्यावरून भूलतज्ज्ञ बोलावता येणार नाही.

कायद्याने व्हॉट्सॲपला मनाई नाही. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांत तर रुग्णाशी सल्लामसलतीच्या साधनांत त्याचे नाव आहे. पण जबाबदारी वाढते आहे. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होतील. सुरक्षेत कसूर झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. ‘फोटो डॉक्टरांच्या वैयक्तिक फोनवर होता’ हे कारण संस्थेला तेव्हा कितपत वाचवेल, हा प्रश्न रुग्णालयांच्या वकिलांनी आताच विचारायला हवा.

वीस खाटांच्या रुग्णालयाला काय परवडेल?

महागडे ॲप घेणे प्रत्येकाला शक्य नाही. तरी ग्रुपमधून गेलेल्यांना महिन्यातून एकदा काढणे, फोटो गॅलरीत आपोआप जाणे बंद करणे, रुग्णाच्या नावाऐवजी खाट क्रमांक लिहिणे याला पैसे लागत नाहीत. तातडीचे काम ग्रुपवर टाकून न थांबता फोन लावायचा, हा नियमही फुकट आहे.

खंड पडल्यावरची तयारी थोड्या खर्चात होते. ऑन-कॉल डॉक्टर, रक्तपेढी, रुग्णवाहिका, ऑक्सिजन पुरवठादार, वीज कार्यालय यांचे नंबर कागदावर छापून कॅज्युअल्टी आणि प्रत्येक वॉर्डात लावावेत, वर तारीख घालावी. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असलेला साधा फोन कॅज्युअल्टीत चार्ज करून ठेवावा. इंटरनेटवर न चालणारी एक तरी लँडलाइन राहू द्यावी. आणि लिफ्टही बंद असेल तेव्हा निरोप घेऊन कोणते मामा, कोणत्या मावशी कुठल्या मजल्यावर धावणार, हे आधी ठरवावे. आयर्लंडमध्येही त्या दिवशी बरेचसे निरोप माणसांच्या पायांनीच गेले.

आगीची रंगीत तालीम होते. तशीच दोन तास व्हॉट्सॲप आणि इंटरकॉम न वापरता काम चालवून पाहण्याची तालीम करता येते. तिच्यासाठी रात्रपाळी निवडावी, कारण यादीतले किती नंबर जुने झालेत हे दिवसा कळत नाही.