शिरच्छेदाचा व्हिडिओ आणि चॉकलेटचं पार्सल

१९ ऑगस्ट २०१४ रोजी आयसिसने अमेरिकी पत्रकार जेम्स फोली यांच्या हत्येचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. जग हादरलं. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, ग्रामीण भागात आजी-आजोबांजवळ राहणारी २३ वर्षांची एक तरुणीही हादरली. ती चर्चमध्ये लहान मुलांना शिकवायची. माणसं इतकी क्रूर का होतात, हे त्या माणसांनाच विचारावं म्हणून ती ट्विटरवर गेली. तिथे तिला उत्तरं देणारे भेटले. सभ्य, मृदू बोलणारे आणि मुख्य म्हणजे भरपूर मोकळा वेळ असलेले. काही महिन्यांत तिच्या त्यांच्याशी रोज तासन्‌तास गप्पा होऊ लागल्या. पोस्टाने पुस्तकं येऊ लागली, हिजाब आले, चॉकलेटं आली. २०१५ च्या जूनमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तिची हकिकत नाव बदलून छापली.

अतिरेकी संघटना ऑनलाइन प्रचार आणि भरती कशी करतात, याबद्दल आपल्याकडे चहाच्या टपरीपासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत जे ठामपणे बोललं जातं, त्यातलं बरंचसं या एका हकिकतीपुढेही टिकत नाही.

"त्यांचा प्रचार म्हणजे रक्तपात"

आपल्यापर्यंत रक्तपातच पोहोचतो, म्हणून असं वाटतं. लंडनच्या क्विलियम या संस्थेत तेव्हा काम करणारे अभ्यासक चार्ली विंटर यांनी १७ जुलै ते १५ ऑगस्ट २०१५ या तीस दिवसांत आयसिसने प्रसिद्ध केलेलं सगळं साहित्य गोळा केलं. व्हिडिओ, फोटोंचे संच, रेडिओ बातमीपत्रं, पत्रकं असे मिळून १,१४६ नग निघाले. त्यातले निम्म्याहून अधिक नागरी जीवनाबद्दलचे होते: भरलेला बाजार, शेतातलं पीक, शाळा, दवाखाना, रस्त्याची डागडुजी, नदीकाठचा सूर्यास्त. निव्वळ क्रौर्याचा वाटा अगदी थोडा होता. एखाद्या राज्याच्या माहिती खात्याने काढाव्यात तशा या जाहिराती होत्या, आणि ते राज्य खरोखर कसं होतं हे तिथून पळालेल्या लोकांना विचारावं.

क्रौर्याचे व्हिडिओ मुख्यतः आपल्यासाठी होते. शत्रूला धाक बसावा, जगभरच्या वाहिन्यांवर फुकटात दिवसभर नाव गाजावं, हा त्यांचा हेतू. ज्यांना आत ओढायचं होतं त्यांना वेगळा माल दाखवला जात होता. खिलाफतीची घोषणा झाल्यावर जुलै २०१४ मध्ये आयसिसचा म्होरक्या अबू बक्र अल-बगदादीने ध्वनिफितीतून जे आवाहन केलं, त्यात लढवय्यांबरोबर डॉक्टर, इंजिनिअर, न्यायाधीश आणि प्रशासक यांनाही बोलावलं होतं. त्याच महिन्यात 'दाबिक' हे इंग्रजी मासिक सुरू झालं. गुळगुळीत छपाईच्या पाश्चात्त्य मासिकासारखी त्याची मांडणी होती. जुलै २०१६ पर्यंत त्याचे १५ अंक निघाले. वाचकाला त्यातून मिळणारं आश्वासन असं, की तू जिथे आहेस तिथे तुला किंमत नाही, इथे तुझी गरज आहे. नोकरी, लग्न, घर, भाऊबंद, आयुष्याला अर्थ, सगळं एकाच पत्त्यावर.

आणि हा आवाज होता त्याहून मोठा भासवला जात होता. २०१४ मध्ये आयसिसच्या समर्थकांनी एक अॅप काढलं, तेही काही काळ चक्क गुगल प्ले स्टोअरवर. ते फोनवर घेतलं की तुमच्या ट्विटर खात्यावरून संघटनेचे संदेश आपोआप जायचे. त्या जूनमध्ये मोसुलवर चाल झाली तेव्हा एका दिवसात या मार्गाने जवळपास ४०,००० ट्वीट गेली. जे. एम. बर्जर आणि जोनाथन मॉर्गन यांनी ब्रुकिंग्ज संस्थेसाठी केलेल्या मोजणीत, २०१४ च्या अखेरच्या चार महिन्यांत आयसिसचे समर्थक किमान ४६,००० ट्विटर खाती वापरत असल्याचं दिसलं. पण खरा गोंगाट ५०० ते २,००० अतिउत्साही खात्यांचा होता.

"मोबाइल बघता बघता पोरगं अतिरेकी झालं"

हा सगळ्यात लाडका गैरसमज. पालकांना तो सोयीचा, कारण दोष यंत्रावर जातो. पोलिसांना सोयीचा, कारण उपाय सोपा वाटतो. आमच्या वृत्तपत्रीय व्यवसायाला तर फारच सोयीचा, कारण मथळा तयार मिळतो.

इंटरनेटचा वाटा नाही असं कुणीच म्हणत नाही. पॉल गिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये दहशतवादी गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या २२३ जणांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातल्या ६१ टक्क्यांच्या बाबतीत त्या वाटेवर इंटरनेटचा वापर आढळला. पण पुढची गोष्ट महत्त्वाची आहे. जे इंटरनेटवरून शिकत होते, त्यांचा अशा गटांतल्या माणसांशी प्रत्यक्ष संबंध असण्याची शक्यता इतरांपेक्षा चौपटीहून अधिक होती. पडद्यावरची ओळख आणि गल्लीतली ओळख एकमेकींना हाताला धरून चालतात.

बेल्जियमचं बघा. सव्वा कोटीहून कमी लोकसंख्येच्या या देशातून चारशेहून अधिक लोक सीरिया-इराकमध्ये गेले. इंटरनेट तर तिथे शेजारच्या देशांइतकंच होतं. फरक होता तो 'शरिया फॉर बेल्जियम' नावाच्या गटाचा. हा गट रस्त्यावर पत्रकं वाटायचा, तरुणांना गाठून बैठका घ्यायचा. फेब्रुवारी २०१५ मध्ये अँटवर्पच्या न्यायालयाने त्याच्या म्होरक्याला १२ वर्षांची शिक्षा दिली. लंडनमधून त्याच महिन्यात १५-१६ वर्षांच्या तीन शाळकरी मुली सीरियाला निघून गेल्या. त्यांच्या ऑनलाइन संपर्कांची खूप चर्चा झाली, पण त्यांची एक मैत्रीण दोन महिने आधीच तिकडे पोहोचली होती.

आपल्याकडेही तेच दिसतं. २०१६ मध्ये केरळच्या कासरगोड आणि पालक्काड भागातून २१ जण अफगाणिस्तानात आयसिसच्या मुलखात गेले. त्यात सख्खे भाऊ होते, नवरा-बायको होते, लहान मुलं होती. मे २०१४ मध्ये कल्याणमधले चार तरुण इराकमधल्या तीर्थयात्रेच्या निमित्ताने बगदादला गेले आणि तिथून गायब झाले. तेही वेगवेगळ्या खोल्यांत बसून वेगवेगळे बिघडलेले अनोळखी लोक नव्हते. एकाच गावातले मित्र होते. त्यांच्यातला एक नोव्हेंबरमध्ये परतला आणि त्याला अटक झाली. लढाईऐवजी आपल्याला संडास साफ करायला आणि पाणी भरायला लावलं, असं त्याने तपास अधिकाऱ्यांना सांगितल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. 'दाबिक'च्या कुठल्याही अंकात या कामाचा फोटो नाही.

मग ऑनलाइन नेमकं होतं काय? बर्जर यांनी याचे टप्पे मांडले आहेत. आधी शोध: कुणी तरी कुतूहलाने किंवा रागाने प्रश्न विचारतं, आणि त्यावर डोळा ठेवून बसलेले लगेच हजर होतात. मग त्या व्यक्तीभोवती आठ-दहा आवाजांचं छोटं कोंडाळं तयार होतं. मग जुन्या मित्रांपासून, घरच्यांपासून, स्थानिक मशिदीपासूनही तोडणं. वॉशिंग्टनच्या त्या तरुणीला तर नव्या मित्रांनी जवळच्या मशिदीत जाऊ नकोस असंच सुचवलं होतं. मग संभाषण उघड्या जागेवरून खासगी, कूटबद्ध अॅपवर नेणं. आणि शेवटी, माणूस पाहून, इकडे ये किंवा तिथेच काही तरी कर, अशी मागणी. यातला व्हिडिओ फक्त पहिल्या पायरीवर असतो. वरच्या पायऱ्यांवर माणूस बसलेला असतो, आणि तो चोवीस तास उपलब्ध असतो.

अपवाद आहेत, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. २०१० मध्ये लंडनच्या एका हुशार विद्यार्थिनीने खासदार स्टीफन टिम्स यांच्यावर चाकूहल्ला केला. येमेनमध्ये बसलेल्या अन्वर अल-अवलाकी या प्रचारकाची शंभराहून अधिक तासांची प्रवचनं तिने ऑनलाइन ऐकली होती, आणि कुठल्या गटाशी तिचा प्रत्यक्ष संबंध सापडला नाही. टिम्स वाचले. पण हे उदाहरण इतक्या वेळा दिलं जातं, याचं एक कारण अशी उदाहरणं फार नाहीत हेही आहे.

याच गैरसमजाचा सुशिक्षित अवतार म्हणजे 'अल्गोरिदमने त्याला ओढत नेलं'. २०२० मध्ये सुमारे बाराशे अमेरिकी नागरिकांच्या यूट्यूब पाहण्यावर झालेला अभ्यास २०२३ मध्ये 'सायन्स अॅडव्हान्सेस'मध्ये आला. जहाल वाहिन्या पाहणारे बहुतांश लोक आधीपासूनच मनात राग धरून होते. अनेक जण त्या वाहिन्यांचे सदस्य होते किंवा बाहेरच्या दुव्यांवरून तिथे आले होते. साधं काही पाहणाऱ्याला यूट्यूबने फरफटत तिथे नेल्याचं क्वचितच आढळलं. यामुळे कंपन्या निर्दोष ठरत नाहीत. राग आधीपासून असलेल्याला रोज खुराक कोण पुरवतं, हा प्रश्न उरतोच.

"अडाणी, गरीब आणि एकाच धर्माचे"

जागतिक बँकेने २०१६ मध्ये आयसिसच्या फुटलेल्या नोंदींतून ३,८०३ परदेशी भरतींची माहिती तपासली. ६९ टक्के जणांनी माध्यमिक किंवा त्यापुढचं शिक्षण घेतलं होतं. निरक्षर दोन टक्क्यांहूनही कमी. धर्माचं म्हणाल तर, भारतात २०११ च्या जनगणनेनुसार मुस्लिम १७ कोटींहून अधिक. आयसिसशी संबंधित प्रकरणांत जून २०१९ पर्यंत अटक झालेले १५५, असं केंद्र सरकारनेच संसदेत सांगितलं. आणि संगणकाद्वारे द्वेषाचा प्रचार ही कल्पना अमेरिकेतल्या गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी फार आधी अमलात आणली. १९८४ मध्ये त्यांचं टेलिफोन लाइनवर चालणारं संगणकीय संदेशजाळं होतं, आणि १९९५ मध्ये कू क्लक्स क्लॅनच्या एका माजी पुढाऱ्याने 'स्टॉर्मफ्रंट' हे संकेतस्थळ काढलं. तेव्हा फेसबुकचा संस्थापक शाळेत होता.

"खाती बंद करून काय होतं? एक बंद केलं की दहा उगवतात"

उगवतात, पण ती दहाही आधीच्या एकाइतकी मोठी होत नाहीत. २०१५ च्या मध्यापासून फेब्रुवारी २०१६ पर्यंत ट्विटरने दहशतवादाशी संबंधित १,२५,००० खाती बंद केली. पुन्हा पुन्हा बंद पडलेल्या खात्यांना जुने अनुयायी परत मिळेनात, असं नंतरच्या पाहणीत दिसलं. समर्थक टेलिग्रामवर गेले. नोव्हेंबर २०१९ मध्ये युरोपोल आणि टेलिग्रामने मिळून तिथेही झाडलोट केली, तेव्हा ते लहानसहान अॅपवर पांगले. तिथे जुने समर्थक एकमेकांशीच बोलत बसतात. कुतूहलाने आलेला नवखा तिथे सहज पोहोचत नाही, आणि भरतीसाठी नवखाच लागतो.

तरीही प्रचाराला खरी ओहोटी लागली ती जमिनीवरच्या पराभवामुळे. अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट इथल्या दहशतवादविरोधी केंद्राच्या मोजणीत, ऑगस्ट २०१५ मध्ये आयसिसच्या अधिकृत चित्रफिती आणि छायाचित्रांची संख्या सातशेहून अधिक होती. वर्षभरात ती दोनशेच्या आत आली. ज्या दाबिक गावावरून मासिकाचं नाव ठेवलं, ते ऑक्टोबर २०१६ मध्ये हातचं गेलं. पुढच्या वर्षी मोसुल आणि रक्का गेले. भरलेल्या बाजाराचं चित्रीकरण करायला बाजार ताब्यात असावा लागतो.

संपलं असं मात्र नाही. फेब्रुवारी २०२० पासून भारतीय वाचकांना डोळ्यांसमोर ठेवून 'व्हॉइस ऑफ हिंद' नावाचं मासिक निघू लागलं. अफगाणिस्तानातली शाखा आजही अनेक भाषांत साहित्य काढते.

"निषेध म्हणून, लोकांना कळावं म्हणून पुढे पाठवलं"

१५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींमध्ये एका गोऱ्या वर्चस्ववाद्याने ५१ जणांना मारलं आणि सतरा मिनिटं फेसबुकवर त्याचं थेट प्रक्षेपण केलं. फेसबुकच्या म्हणण्यानुसार ते थेट पाहणारे दोनशेहूनही कमी होते. मूळ व्हिडिओ काढेपर्यंत तो सुमारे चार हजार वेळा पाहिला गेला होता. पण पुढच्या चोवीस तासांत कंपनीला त्याच्या १५ लाख प्रती अडवाव्या किंवा काढाव्या लागल्या. त्या प्रती चढवणाऱ्यांत समर्थक होते, तसे निषेध करणारे आणि 'बघा काय चाललंय' म्हणणारेही होते. न्यूझीलंडने तो व्हिडिओ बाळगणं आणि पसरवणं गुन्हा ठरवलं आणि त्यासाठी एका व्यक्तीला २१ महिन्यांची कैद झाली. पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी हल्लेखोराचं नाव उच्चारणार नाही असं संसदेत जाहीर केलं. काहींना तो भाबडेपणा वाटला. मला ती त्या आठवड्यातली सगळ्यात व्यवहारी कृती वाटते, कारण त्या माणसाला नेमकं नावच हवं होतं. मे २०२२ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहरात दहा कृष्णवर्णीयांना मारणाऱ्या तरुणाने क्राइस्टचर्चचाच कित्ता गिरवला, थेट प्रक्षेपणासकट.

तेव्हा असा व्हिडिओ तुमच्या सोसायटीच्या किंवा नातेवाइकांच्या ग्रुपवर आला, तर निषेधाची ओळ जोडूनही तो पुढे पाठवू नका. ज्या अॅपवर आला तिथेच त्याची तक्रार नोंदवा, केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंदवता येते, आणि मग तो फोनमधून काढून टाका. घरातलं मूल रात्र-रात्र फोनवर असेल तर ते काय पाहतंय याची झडती घेण्याआधी, ते कुणाशी बोलतंय आणि ती माणसं त्याला कुणाशी बोलू नकोस म्हणतायत, हे विचारा.