विश्लेषण : गणवेश चढवला की माणूस क्रूर होतो?

ऑगस्ट १९७१ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या तळघरात लुटुपुटीचा तुरुंग उभारण्यात आला. रोज १५ डॉलर मानधनावर आलेल्या तरुणांत कैदी कोण आणि पहारेकरी कोण, हे नाणे उडवून ठरले. पहारेकऱ्यांना गणवेश, दंडुके, काळे चष्मे मिळाले. कैद्यांना नावाऐवजी क्रमांक. काही पहारेकऱ्यांनी कैद्यांची झोपमोड केली, अपमान केले. दोन आठवड्यांचा प्रयोग सहा दिवसांत गुंडाळावा लागला. भूमिकाच माणसाला बदलते, हा प्रयोगकर्ते फिलिप झिम्बार्डो यांचा निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला.

मग आक्षेप कशाला?

फ्रेंच संशोधक तिबो ल तेक्सिए यांनी प्रयोगाच्या ध्वनिफिती व कागदपत्रे तपासून २०१९ मध्ये लेख लिहिला. एका फितीत ‘वॉर्डन’ झालेला विद्यार्थी मवाळ पहारेकऱ्याला ‘कडक हो’ म्हणून गळ घालतो. तुरुंगांचे वास्तव लोकांपुढे आणायचे आहे, असेही पटवतो. म्हणजे क्रौर्य निव्वळ गणवेशातून आले नाही. ते मागितले गेले, तेही चांगल्या कामाच्या नावाखाली. शिवाय तुरुंगाधीक्षक खुद्द झिम्बार्डोच होते! बीबीसीने २००२ मध्ये दाखवलेल्या अशाच प्रयोगात पहारेकऱ्यांना अधिकार गाजवणे जमेना, कैद्यांनीच त्यांची सत्ता उलथवली.

न्यायालयात काय झाले?

इराकमधील अबू गरीब तुरुंगातील छळाच्या खटल्यात झिम्बार्डो एका अमेरिकी सैनिकाच्या बाजूने तज्ज्ञ साक्षीदार होते. परिस्थितीने त्याला तसे वागायला लावले, असा त्यांचा युक्तिवाद होता. २००४ मध्ये त्या सैनिकाला आठ वर्षांची शिक्षा झाली.