एकच फाइल, सगळ्या संगणकांवर

आपल्या सभासदांपैकी कुणाकडे विंडोज आहे, कुणाकडे मॅक, तर कुणाच्या मुलाकडे लिनक्स. एकच प्रोग्राम सगळीकडे कसा चालावा?

वेबअसेंब्ली २०१९ पासून वेबचे अधिकृत मानक आहे. त्यातला प्रोग्राम कोणत्याही एका प्रोसेसरच्या भाषेत नसतो. तो चालवायला ‘रनटाइम’ नावाचा दुभाषा लागतो. तो वेगळा बसवायला नको, म्हणून दोन्ही एकाच फाइलमध्ये बांधतात. रनटाइम ‘कॉस्मोपॉलिटन’ या साधनाने तयार केला, तर तीच फाइल तिन्ही प्रणालींवर चालते.

रनटाइमने मुभा दिल्याशिवाय हा प्रोग्राम आपल्या इतर फाइलींना हात लावू शकत नाही. पण इथे मुभा देणाराही त्याच फाइलमधून येतो. बँकेत आम्ही तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे ठेवायचो. इथे दोन्ही एकाच पाकिटात असतात. म्हणून अशी फाइल मूळ निर्मात्याकडूनच घ्यावी. व्हॉट्सॲपवर फिरत आलेली उघडू नये.