कॅन्डिडाचा इलाज : सत्तर वर्षांचा मागोवा

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत योनिमार्गातील कॅन्डिडा या कवकाच्या संसर्गावर वैद्यांच्या हाती जे मोजके उपाय होते, त्यांत जेन्शियन व्हायोलेट या जांभळ्या रंगद्रव्याचा मोठा भरवसा वाटे. त्याने खाज शमे खरी, परंतु लुगड्यावर आणि अंथरुणावर पडणारे त्याचे डाग धुऊन निघत नसत, आणि ‘अंगावरून पांढरे जाते’ एवढे तीन शब्द सासूजवळ उच्चारण्याचीही ज्या स्त्रीला चोरी होती, तिच्या दुखण्याची वर्दी तो इलाजच घरभर देत असे.

या अवस्थेत पहिला खरा पालट घडविला तो न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातील दोन संशोधिकांनी. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात सूक्ष्मजंतूंचे काम पाहत, रेचेल ब्राउन ऑल्बनी येथे रसायनाचे. आणि मातीतील जिवाणूंचे नमुने व त्यांचे अर्क या दोन प्रयोगशाळांमध्ये टपालाने ये-जा करीत. व्हर्जिनियातील एका शेताच्या मातीतून लाभलेले त्यांचे औषध 1950 साली जाहीर झाले आणि 1954 साली निस्टॅटिन या नावाने रुग्णांपर्यंत पोहोचले. त्याच्या स्वामित्वधनातून जमलेले 1 कोटी 30 लाख डॉलरांहून अधिक द्रव्य या दोघींनी स्वतःसाठी न घेता विज्ञानसंशोधनाकडे वळविले, ही हकीकत आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नाही, आणि ती ठाऊक असावी असे मला मनापासून वाटते.

त्याच 1954 साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. पेनिसिलिन हे त्याचे मुख्य काम. तथापि 1960 च्या दशकाच्या आरंभी एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथेच हॅमायसिन हे कवकनाशक शोधून काढले, आणि ज्या जिवाणूपासून ते मिळाले त्यास ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असे नामाभिधान देऊन पिंपरीचे नाव विज्ञानाच्या दप्तरी कायमचे नोंदविले. तोंडातील व योनिमार्गातील कॅन्डिडावर ते उपयोगी पडे.

आता हा कॅन्डिडा उपद्रव का देतो, हे पाहिले पाहिजे. कारण त्याविषयीच्या अज्ञानाने औषधांच्या अभावापेक्षा अधिक स्त्रियांस दुःख दिले आहे. हे कवक बाहेरून आलेला शत्रू असतेच असे नाही. दहांपैकी एकदोन निरोगी स्त्रियांच्या योनिमार्गात ते कोणताही त्रास न देता वास करते, कारण तेथील लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू आम्लता राखून व जागा व्यापून त्यास आवरून धरतात. दुसऱ्याच कोणा रोगासाठी घेतलेल्या प्रतिजैविकांनी हे राखणदार मारले गेले, मधुमेहाने रक्तात साखर वाढली, गर्भारपणी इस्ट्रोजेनचे प्रमाण चढले, अथवा स्टेरॉइडांनी वा एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खालावली, म्हणजे ते बळावते; मग असह्य खाज, लघवीच्या वेळी आग, आणि दह्याच्या कवड्यांसारखा, बहुधा दुर्गंधरहित स्राव ही लक्षणे प्रकट होतात. चार स्त्रियांपैकी तिघींना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येतो. लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या रोगांत त्याची गणना होत नाही, आणि पतीस सहसा औषधाची गरज नसते. असे असता केवळ या खाजेवरून स्त्रीच्या शीलाविषयी शंका घेतली जावी, यासारखा दुसरा अन्याय नाही.

1969 च्या सुमारास क्लोट्रिमॅझोल व मायकोनॅझोल आली. निस्टॅटिन कवकाच्या आवरणातील अर्गोस्टेरॉल या द्रव्यास चिकटून आवरणास छिद्रे पाडते, तर ही नवी औषधे ते द्रव्य घडूच देत नाहीत. चौदा रात्रींचा उपचार सातांवर, पुढे तिनांवर आला. आणि इंग्लंडमधील सँडविच येथे शोधल्या गेलेल्या फ्लुकोनॅझोलने तर 150 मिलिग्रॅमच्या एकाच कॅप्सूलवर काम भागविले.

इलाजाची मुदत अशी आखूड होत असता तपासणीची स्थिती काय होती, याचा दाखला 1989 साली गडचिरोलीहून मिळाला. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतील 650 स्त्रियांची तपासणी करून ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले की, त्यांतील 92 टक्के स्त्रियांस कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या अवघ्या 8 टक्के होत्या. पुढे सरकारी केंद्रांतून हिरव्या पाकिटात सेक्निडॅझोल व फ्लुकोनॅझोल एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली. प्रयोगशाळा नसलेल्या गावी ती उपकारक आहे यात संशय नाही. मात्र पांढऱ्या स्रावामागे जिवाणूंचा असमतोल, ट्रायकोमोनास, क्वचित गर्भाशयमुखाचा कर्करोगही असू शकतो, आणि दुकानदाराच्या सल्ल्याने परस्पर घेतलेली कॅप्सूल यांतील एकासही ओळखत नाही.

कॅन्डिडा ओळखण्यास लागते ते फार थोडे: काचपट्टीवर स्राव, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब, आणि सूक्ष्मदर्शक. गर्भवतीस पोटातून कॅप्सूल न देता सात रात्री क्लोट्रिमॅझोल योनिमार्गात ठेवण्यास देतात. ज्या स्त्रीस वर्षातून तीन वा अधिक वेळा त्रास उलटतो, तिची रक्तशर्करा तपासावी लागते, स्रावाचे संवर्धन करून कवकाची जात ठरवावी लागते, आणि ती अल्बिकन्स निघाल्यास आरंभीच्या उपचारानंतर सहा महिने आठवड्यास एक फ्लुकोनॅझोल द्यावे लागते. ती जात ग्लाब्राटा निघाली, तर फ्लुकोनॅझोल पुष्कळदा निष्फळ ठरते. तेव्हा 600 मिलिग्रॅम बोरिक ॲसिडची कॅप्सूल दोन आठवडे रोज रात्री योनिमार्गात ठेवण्याचा जुनाच उपाय वैद्यांच्या देखरेखीखाली योजतात. ही कॅप्सूल तोंडावाटे घेतल्यास विषारी असते, आणि गर्भवतीस ती सर्वथा वर्ज्य आहे.