गावाचा पहिला माहितीपट : खाजनाच्या बांधावरील चित्रशिक्षण

चित्रपटकला शिकावयाची म्हणजे प्रथम मोठ्या शहरातील संस्थेत प्रवेश मिळविला पाहिजे, असा समज सर्वत्र आढळतो. संस्थेतील शिक्षणाचे मोल मोठे आहेच. परंतु एखादा लहान विषय हाती घेऊन तो तडीस नेणे, हाही शिक्षणाचा जुना मार्ग आहे. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणला, तो घेऊन लगेच 'राजा हरिश्चंद्र' हाती घेतला नाही. आधी त्यांनी कुंडीतील रोपाची वाढ थोडी थोडी करून चित्रित केली. त्या लघुपटाने हात बसला आणि भांडवल देणाऱ्याचा विश्वासही मिळाला.

विषयाची निवड

पहिल्या माहितीपटाचा विषय पायी जाता येईल इतका जवळचा असावा. गोव्यातील खाजन शेती हे याचे उत्तम उदाहरण होय. खाडीकाठची ही जमीन मातीच्या बांधांनी राखलेली असून पाण्याची ये-जा 'मानशी'तून होते. भरतीच्या दाबाने मानशीची लाकडी दारे मिटतात; ओहोटीला आतील पाण्याच्या रेट्याने ती उघडतात. बांध फुटल्यास खारे पाणी शेतात शिरते व जमीन पडीक राहते. बांध घालण्याचे ज्ञान बहुतांशी वृद्धांच्या स्मरणात आहे. त्याची नोंद वेळीच झाली नाही, तर ते त्यांच्याबरोबरच जाईल.

आधी निरीक्षण, मग चित्रण

प्रारंभी काही दिवस कॅमेरा न नेता वही घेऊन जावे. भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून दारे मिटतानाचे दृश्य सकाळच्या कोवळ्या उन्हात हवे असल्यास भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहूनच दिवस ठरवावा लागतो. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण असल्याने पाण्याचा जोर स्पष्ट दिसतो. बांधांची डागडुजी पावसापूर्वी होते. पावसाच्या पाण्याने मातीतील क्षार धुपल्यावर भाताची लागवड होते. याचा अर्थ, हा विषय एका आठवड्यात पुरा होणारा नाही.

चित्र आणि ध्वनी

कॅमेरा तिपाईवर ठेवून प्रत्येक दृश्य किमान १० सेकंद स्थिर घ्यावे. एकाच कामाची तीन अंतरांवरून दृश्ये घ्यावीत : संपूर्ण बांध, काम करणारा माणूस आणि चिखल थापणारे हात. यांच्या जोडणीतून काम कसे चालते हे प्रेक्षकास निवेदनाविना समजते. खाडीवरील वारा ध्वनिमुद्रणाचा शत्रू होय. यास्तव ध्वनिग्राहक बोलणाऱ्याच्या छातीजवळ लावून त्यावर वारारोधक आवरण घालावे. प्रत्येक ठिकाणचा नुसता परिसरध्वनी अर्धा मिनिट वेगळा मुद्रित करावा. संकलनात तुटलेले सांधे त्यानेच बुजतात.

मुलाखतीपूर्वी संमती घ्यावी. 'होय' किंवा 'नाही' एवढ्यावर संपणारे प्रश्न टाळावेत. 'बांध फुटला त्या रात्री काय केलेत?' असे विचारल्यास माणूस मोकळेपणाने बोलतो. दोन्ही बाजू ऐकणेही आवश्यक आहे. मानशीपाशी मासे धरणाऱ्यास दारे अधिक वेळ उघडी हवी असतात, तर शेतकऱ्यास त्यामुळे खारे पाणी शिरण्याची भीती असते. हा तंटा वगळलेला माहितीपट देखणा होईल. खरा होणार नाही.

संकलन व प्रथम प्रदर्शन

रोजच्या चित्रणाच्या त्याच संध्याकाळी दोन प्रती कराव्यात. सर्व मुलाखती वेळेच्या नोंदीसह लिहून काढाव्यात व दृश्यांचा क्रम आधी कागदावर लावावा. १० मिनिटांच्या माहितीपटासाठी कित्येक तासांचे चित्रण बाजूस ठेवावे लागते. काय वगळावे हे ठरविताना विषयाचे आकलन पक्के होते.

कच्ची प्रत प्रथम गावातच, शाळेत किंवा देवळाच्या मंडपात दाखवावी. बांधावर आयुष्य घालविलेला शेतकरी मातीच्या थरांचा क्रम चुकल्याचे तत्काळ सांगेल. ती दुरुस्ती निमूटपणे स्वीकारणे हा या शिक्षणाचा अखेरचा पाठ होय. शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांना या कामी प्रवृत्त केल्यास गावाला आपल्या ज्ञानाची नोंद मिळेल आणि मुलांना पाहण्याची शिस्त लाभेल.