जुनी मोटार घेण्यापूर्वी

जुन्या वस्तूच्या सौद्यात खरे पाहता दोन वस्तू असतात. एक डोळ्यांपुढे उभी असते, दुसरी विकणाऱ्याच्या तोंडी असते. गिऱ्हाईक बहुधा दुसरीचे पैसे मोजते आणि पहिली घरी घेऊन येते. जुनी मोटार विकत घेऊन तिचा जीर्णोद्धार करण्याचा छंद अलीकडे आपल्या शहरांतून वाढू लागला आहे. या छंदात हा प्रकार इतक्या वेळा घडताना आम्ही पाहिला आहे की, त्याबद्दल चार शब्द नीट मांडून ठेवावेत असे वाटले.

हा केवळ श्रीमंतांचा प्रश्न असता तर आम्ही त्याच्या वाटेला गेलो नसतो. परंतु २०२३ सालच्या ऑक्टोबरात मुंबईची शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मर्यादा संपल्यामुळे सेवेतून गेली आणि तेव्हापासून साध्या घरांतही या गाडीची ओढ वाढलेली दिसते. कुणाचे वडील ती चालवीत होते, कुणी स्वतः कारखान्यात तिच्यासारख्या गाड्यांचे सुटे भाग घडविले होते. अशी माणसे निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या भविष्यनिर्वाह निधीतून लाख-दोन लाख बाजूला काढतात आणि 'अगदी अस्सल आहे, साहेब' या एका वाक्यावर इसार देऊन मोकळी होतात. पुढे पत्रा, रंग, इंजिन यांवर दुप्पट खर्च होतो आणि मग कळते की, जिचा उद्धार केला ती गाडी ती नव्हेच.

तेव्हा पहिला प्रश्न असा की, मूळ रूप म्हणजे काय? आमच्या मते याचे उत्तर एकच आहे. ती विशिष्ट गाडी ज्या दिवशी कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडली, त्या दिवशी ती जशी होती ते तिचे मूळ रूप. त्या जातीची सर्वांत देखणी गाडी कशी असे, किंवा परदेशी पुस्तकात तिचे चित्र कसे आहे, याचा येथे संबंध नाही. हा भेद प्रथम मनात पक्का केला नाही तर पुढची सारी तपासणी व्यर्थ जाते.

फियाट ११०० चेच उदाहरण घेऊ. ही गाडी इटलीतल्या फियाट कंपनीने १९५३ साली बाजारात आणली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ सालापासून ती बाहेर पडू लागली. सुरुवातीच्या या गाडीला लोकांनी 'डुक्कर फियाट' हे नाव दिले. तिचे पुढचे दार मधल्या खांबाला बिजागऱ्यांनी जोडलेले असे, म्हणजे ते पुढच्या कडेने उघडत असे. १९६४ साली '११०० डी' अर्थात 'डिलाइट' आली. तिची दारे आजच्या रीतीने उघडतात. फियाटशी असलेला करार संपल्यानंतर तीच गाडी प्रथम 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने विकली जाऊ लागली. २००० सालाच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले.

एवढ्या चार वर्षांकांवरूनच पुष्कळ थापा उघड्या पडतात. नोंदणी १९६८ ची आणि डिकीवर अक्षरे 'पद्मिनी'ची, तर ती अक्षरे नंतर लावलेली असली पाहिजेत, कारण १९६८ साली ते नावच नव्हते. १९७८ ची म्हणून दाखविलेल्या गाडीचे पुढचे दार मधल्या खांबाला टांगलेले असेल, तर एक तर कागद दुसऱ्या गाडीचा आहे किंवा सांगाडा.

आता इंजिन पाहा. इटलीत ११०० डी ला १२२१ घनसेंटिमीटरचे इंजिन बसविले गेले. कुर्ल्याच्या गाडीत मात्र १०८९ चेच कायम राहिले. इटालियन पुस्तक हाती धरून जो इंजिन 'मूळ' करू पाहील, तो कुर्ल्याची गाडी तूरिनची करून बसेल. हा फरक कोणालाही मोजता येतो. आमचे शालेय शिक्षण बेताचेच. पण वर्तुळाचे क्षेत्रफळ आम्ही एका टर्नरकडून शिकलो आणि ते जन्मभर उपयोगी पडले. दोन्ही इंजिनांत दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर, म्हणजे ७.५ सेंटिमीटर. कुर्ल्याच्या इंजिनात सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या ३.४ सेंटिमीटर. तिचा वर्ग ११.५६. त्याला ३.१४ ने गुणले की सुमारे ३६.३, पुन्हा ७.५ ने गुणले की २७२ च्या आसपास, आणि चार सिलिंडरांचे मिळून १०८९. व्यास ७२ भरला तर हाच हिशेब १२२१ वर जातो. व्यास ६८.६ निघाला तर ११०८ येतात. पण त्यामुळे इंजिन परके ठरत नाही; झिजलेला सिलिंडर मागे कधी तरी बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घातले आहेत, एवढाच त्याचा अर्थ. मोजमापाने खोटे उघडे पडते, तसेच खऱ्यावरचा आळही दूर होतो.

व्याख्या ठरली, आता पुराव्याकडे वळू. कामगार न्यायालयात एखाद्या माणसाची नोकरी किती वर्षांची, हा वाद निघाला की आम्ही तीन गोष्टी शोधतो : हजेरीपटासारखा कागद, कामाची खूण आणि शेजारच्या यंत्रावरच्या माणसाची साक्ष. एकटा कागद खोटा असू शकतो, एकटी साक्ष पढविलेली असू शकते. तिन्ही एका ठिकाणी येऊन मिळाल्या की मात्र सहसा फसगत होत नाही. मोटारीलाही हीच रीत लागू पडते.

पहिली साक्ष कागदाची. आरसी पुस्तक मूळ मागावे, झेरॉक्सवर भागवू नये. त्यात नोंदणीचा दिनांक, उत्पादनाचे वर्ष, चॅसिस क्रमांक, इंजिन क्रमांक, रंग, इंधन आणि पूर्वीच्या मालकांच्या नोंदी पाहाव्यात. 'एमएच'पुढे जिल्ह्याचा आकडा असलेले क्रमांक १९८९ सालापासून सुरू झाले. म्हणून १९७० च्या गाडीला तसा क्रमांक असेल तर तो तिला मागाहून मिळालेला आहे. हा गुन्हा नव्हे, परंतु का व केव्हा मिळाला, हे विचारलेच पाहिजे. 'वाहन' या सरकारी संगणकीय नोंदीत ती गाडी दिसते काय, नोंदणीची मुदत चालू आहे काय, कर्जाचा बोजा उतरला आहे काय, हेही पाहावे. चोरीच्या वाहनांची चौकशी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या सेवेतून करता येते. तीही चुकवू नये.

दुसरी साक्ष धातूची, आणि आमच्या मते ती सर्वांत बोलकी. फियाट ११०० ला ट्रकसारखी निराळी चॅसिस नसते. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. म्हणून सांगाडा बदलला की गाडीच बदलली. पत्र्यात ठोकलेल्या क्रमांकावर कागद धरून पेन्सिल घासावी. आरटीओत घेतात तसा ठसा उमटतो. तो आरसीतील आकड्यांशी एकेक करून ताडून पाहावा. आकडे कमीजास्त खोल असतील, ओळ वाकडी असेल, भोवती ग्राइंडर फिरविल्याच्या रेघा किंवा केवळ तेवढ्याच जागी ताजा रंग असेल, तर सौदा तेथेच थांबवावा. कितीही स्वस्त मिळाली तरी अशी गाडी महागच पडते, कारण तिच्याबरोबर पोलीस ठाण्याची पायरी येते.

त्यानंतर रंग. गाडी पुन्हा रंगविणारा माणूस दिसणारा भाग रंगवितो. डॅशबोर्डच्या खालची बाजू, दाराच्या आतील पॅडमागचा पत्रा, मागच्या सीटखालचा तळ, छताच्या अस्तराचा कोपरा येथे जुना रंग बहुधा शिल्लक राहतो. छताखाली पिवळा आणि खाली काळा निघाला तर ती मुंबईत टॅक्सी होती, हे सांगायला ज्योतिषी नको. पुढच्या डाव्या बाजूला मीटर बसविल्याची बुजविलेली भोके, डिकीत सीएनजी टाकीच्या पट्ट्यांच्या खुणा, हेही त्याच गोष्टीचे पुरावे. मग पातळ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक दाराखालच्या आडव्या पेटीवरून, चाकांच्या कमानींवरून आणि डिकीच्या तळावरून फिरवावे. जेथे ते धरीत नाही तेथे पत्रा नसून पुट्टी आहे. या जागा सडल्या असतील तर कणाच सडला आहे, मग वरून गाडी कितीही चकाको.

तिसरी साक्ष माणसांची. पूर्वीचा मालक, ज्या गॅरेजात ती जात असे तेथील मिस्त्री, आणि मिळालाच तर अशा गाड्या जोडणारा एखादा निवृत्त कामगार. ज्याने वीस वर्षे एकाच जागी उभे राहून दारे बसविली, त्याला दाराचा आवाज ऐकून जे कळते ते पुस्तकात छापलेले नसते. मात्र त्याला 'ही गाडी अस्सल आहे ना?' असे विचारू नये. कोणालाही होकार द्यायला आवडते. 'यातले काय काय नंतरचे वाटते?' असे विचारावे.

आमच्या युनियनमधील एका निवृत्त फिटरने १९६६ ची, 'एका डॉक्टरांनी वापरलेली, हात न लागलेली' गाडी पाहिली होती. आम्ही एका जुन्या स्प्रे-पेंटरला घेऊन त्यांच्याबरोबर गेलो. पुढे पद्मिनीची अक्षरे होती. छताच्या अस्तराचा कोपरा उचलला तो आत पिवळा रंग. आरसीत मधली दोन पाने चिकटलेली होती. ती सोडविल्यावर टॅक्सीची नोंद निघाली. चॅसिस व इंजिन यांचे क्रमांक मात्र कागदाशी तंतोतंत जुळले आणि तळाचा पत्राही सशक्त निघाला. दलाल गप्प बसला. सौदा मोडला नाही. किंमत सांगितलेल्या आकड्याच्या निम्म्यावर आली आणि आमच्या मित्राने ती गाडी टॅक्सी म्हणून, डोळे उघडे ठेवून घेतली. आज ते तिच्यावर सावकाश काम करीत आहेत आणि प्रत्येक आठवड्याला तिच्याबद्दल नवे काहीतरी सांगतात.

या साऱ्याला कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने मूळ ठरविलेल्या तपशिलांशी विसंगत असा फेरफार मालकाला मनाला येईल तसा करता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. पुढे २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या ऐतिहासिक वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली आणि चॅसिस, सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी वा चारचाकी त्यांखाली नोंदविता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, आणि ती १० वर्षे टिकते. अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. प्रदर्शन, शर्यतीवजा फेरी, संशोधन, दुरुस्ती व इंधन यांपुरतीच ती रस्त्यावर आणावयाची. १९७४ साली नोंदलेल्या पहिल्या पद्मिनींना २०२४ साली ५० वर्षे पूर्ण झाली. म्हणजे 'मूळ रूप' हा शब्द आता केवळ हौशी लोकांच्या गप्पांतला राहिला नसून त्याला सरकारदरबारी किंमत आली आहे. ज्या शब्दाला किंमत येते, त्याची खोटी नाणी पाडणारेही येतात.

म्हणून इसार देण्यापूर्वी एक साधा कागद करावा. डाव्या बाजूला विकणाऱ्याचा प्रत्येक दावा लिहावा : वर्ष, रंग, इंजिन, मालक किती, टॅक्सी होती की नाही. उजव्या बाजूला त्या दाव्याचा पुरावा लिहावा. जेथे उजवी बाजू कोरी राहील, तेथे त्या दाव्याचे पैसे देऊ नयेत. इंजिन उघडून मोजण्यास आज नकार असेल, तर 'व्यास न जुळल्यास अमुक रक्कम परत' असे कलम सौदाचिठ्ठीत घालून दोघांनी सही करावी. प्रामाणिक विक्रेत्याला याचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याने आपले उत्तर दिलेच आहे.

एक गोष्ट मात्र विसरू नये. तपासणीत पुष्कळ भाग परके निघतील : दुसऱ्या गाडीचे दार, हाताने ठोकून बनविलेले मडगार्ड, कुठल्याशा कारखान्याचा पंप. त्यामुळे ती गाडी, किंवा तिच्यावर हात चालविणारे मिस्त्री, हलके ठरत नाहीत. सुटे भाग मिळत नसताना, पोटाची खळगी भरण्यासाठी ती रोज रस्त्यावर धावती ठेवणे, हेही एक कसब होते. ते भाग काढले तरी फेकून न देता त्यांची नोंद ठेवावी. दुरुस्ती ही फसवणूक नव्हे. दुरुस्तीला मूळ म्हणून विकणे ही फसवणूक. दोन्ही खरी कामे आपापल्या नावाने लिहिली गेली, म्हणजे कारखान्यात ज्याने गाडी घडविली त्याच्या श्रमाला न्याय मिळतो, गॅरेजात ज्याने ती जगविली त्याच्याही श्रमाला मिळतो, आणि ज्याने आपल्या कष्टाचे पैसे मोजले त्याला, तो कशाचे मोजतो आहे, हे ठाऊक असते.