तीन महिन्यांची पडवी

आषाढ जवळ आला की चिपळूणच्या आळीआळीतून एक शाळा भरू लागते. तिला घंटा नाही, हजेरीपट नाही, आणि मास्तर म्हणावा तर तो कोपरापर्यंत मातीने माखलेला. ही गणपतीची शाळा. शहरातला माणूस तिला कारखाना म्हणतो, दारावरच्या पाटीवर ‘गणेश चित्रशाळा’ असे भारदस्त नाव असते. पण बोलण्यात शब्द शाळाच. ‘आमचा पाट शाळेत दिलाय’ एवढे म्हटले की कोकणातल्या माणसाला पुढचे काही सांगावे लागत नाही.

या शाळांविषयी भाद्रपदाच्या तोंडावर दरवर्षी लिहून येते. शाडू की प्लास्टर, मूर्तिकाराची कितवी पिढी, रंगांचे भाव किती चढले, सगळे येते. जागेविषयी मात्र फारसे कोणी विचारत नाही. यातल्या पुष्कळशा शाळा म्हणजे कुणाच्या तरी राहत्या घराची पडवी असते. वर्षातले नऊ महिने ती घराची, उरलेले तीन महिने आठ-दहा जणांची. त्यातले निम्मेअधिक घरचे नसतात. गणपती शाडूतून होतो हे खरे. पण त्याआधी कुणीतरी आपले घर आवरून जागा करून द्यावी लागते, आणि त्या आवरण्याचा हिशेब मूर्तीच्या किमतीत कधीच धरलेला नसतो.

जांभ्याच्या जुन्या घरात पडवी म्हणजे रिकामी जागा नव्हे. पावसाळ्यात तर नव्हेच. चिपळूणचा पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारा. आषाढ-श्रावणात कपडे वाळवायचे ते पडवीत. लाकूडफाटा, सायकल, नारळाची रास, भाताची पोती, दुपारी टेकायला येणारे म्हातारे माणूस, अभ्यासाला बसणारी मुले, सगळ्यांचा तो आसरा. शाळा मांडायची म्हणजे हे सगळे आत ढकलायचे. दोरी माजघरात जाते आणि चुलीच्या नाही तर गॅसच्या वर ओले कपडे टांगले जातात. त्या तीन महिन्यांत घरातल्या कपड्यांना फोडणीचा वास येतो, असे अशा घरातली कोणतीही सून सांगेल. लाकडे मागीलदारी. म्हाताऱ्यांची बाज ओटीवर, आणि ओटीवर पाहुणे आले की म्हाताऱ्यांनी आत जायचे.

मग मांडणी. पावसाच्या बाजूने पूर्वी झापे लावत, आता निळी ताडपत्री. पण ती पार बंद करून चालत नाही, वारा खेळला पाहिजे. वारा नसेल तर माती वाळत नाही आणि थेट वारा लागला तर तडकते. शाडूची मूर्ती सावलीतच वाळवावी लागते. आठवडा, दहा दिवस, झड लागली तर त्याहून जास्त. म्हणून भिंतीला लागून बांबूच्या नाही तर फळ्यांच्या मांडण्या: खालच्या फळीवर ओल्या, वरच्या फळीवर वाळत्या, आणि ज्यांना पांढरा हात मारून झाला त्या आतल्या भिंतीशी. दिव्याची जागा ठरवायला मूर्तिकार जितका वेळ घेतो तितका वेळ मुलीच्या लग्नातल्या मांडवालाही कोणी घेत नसेल. डोळ्यांची आखणी रात्री चालते, आणि दिवा चुकीच्या बाजूला असला की हाताची सावली नेमकी डोळ्यावर पडते.

एका कोपऱ्यात माती. शाडू गुजरातेतून पोत्यांनी येतो. तो भिजवायचा, मळायचा, ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवायचा. त्याच्या समोरच्या कोपऱ्यात साचे. रंगाचा कोपरा मात्र शक्य तितका दूर, कारण हल्ली रंग फवाऱ्याने देतात आणि त्याची धूळ सगळीकडे बसते. कॉम्प्रेसरचा आवाज, रंगाचा वास आणि दहावीचा अभ्यास या तीन गोष्टी एका घरात कशा नांदवायच्या, हे ज्याने त्याने आपापल्या रीतीने सोडवलेले असते. पुष्कळ घरांत नियम असा की दिवेलागणीनंतर फवारा बंद. मग फक्त कुंचला. मांजराचा बंदोबस्त मात्र कुणालाच नीट जमलेला नाही.

ही जागा सामायिक आहे, आणि तिच्यातली खरी गंमत आणि खरी अडचण तिथेच आहे. मुख्य कारागीर एक, फार तर दोन. बाकीचे हात संध्याकाळी येतात. खेर्डीच्या किंवा लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीतली पाळी संपवून आलेला एखादा, दुकान वाढवून आलेला एखादा, बी. कॉम.ला असलेला शेजारचा मुलगा, आणि नुसते बघायला म्हणून आलेली आणि मग पॉलिशपेपर हातात दिला गेलेली पोरे. कुणाला रोज मिळतो, कुणाला चतुर्थीनंतर एकदम काही रक्कम, कुणाला घरची मूर्ती. पोरांना काहीच नाही, फक्त पुढच्या वर्षी उंदीर रंगवायला मिळण्याचे आश्वासन. शाळा हा शब्द मला वाटते इथेच सार्थ होतो. आधी घासायचे, मग पांढरा हात, मग पितांबर, मग दागिने. अंगकांतीला हात लावायला चार-पाच पावसाळे जातात. डोळे शेवटी, आणि तेही एकाच हाताने.

या सगळ्यांना घराच्या आत किती यायचे हे न बोलता ठरलेले असते. पाण्याची कळशी पडवीच्या दाराशी भरून ठेवलेली, म्हणजे तहान लागली म्हणून कुणी स्वयंपाकघरापर्यंत जाऊ नये. मातीच्या पायांनी उंबरा ओलांडायचा नाही. चहा किती वेळा हे ठरलेले, तरी होत राहतो त्याहून जास्त. आणि पाट घेऊन येणारे कधीही येतात. नागपंचमीच्या आसपास तर रांगच.

“वहिनी, पाट आणलाय हो. गेल्या वर्षीसारखाच करा म्हणावं, फक्त शेला हिरवा.”

हा निरोप वहिनीने लक्षात ठेवायचा. पाटाच्या मागे खडूने नाव ती लिहिते. कुणाचा गणपती उंदरावर बसलेला, कुणाच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या एकाच बैठकीचा, कुणाला लोडाला टेकलेला हवा, या सगळ्याची वही म्हणजे बहुतेक वेळा तीच. माती मळायला दुपारी तिचे हात, चहा तिचा, रात्री जागणाऱ्यांचे पिठले-भात तिचे, चतुर्थीच्या आदल्या दिवशी हरतालिकेचा उपास करून पडवीत दिवा धरणेही तिचेच. पाटीवर नाव मूर्तिकाराचे. याबद्दल तक्रार करणारी बाई मला भेटलेली नाही. पण तक्रार नाही म्हणून काम नाही, असे होत नाही.

२०२० साली शहरांनी घरातून काम करणे म्हणजे काय ते पहिल्यांदा पाहिले. जेवणाच्या टेबलावर दोन लॅपटॉप, तिसऱ्या बाजूला मुलाची ऑनलाइन शाळा, आणि मधे कोथिंबीर निवडणारी आई. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे फार नवलाचे वाटले. मूर्तिकारांच्या घरांना त्यात नवल नव्हते. त्यांची अडचण उलटी होती. घरात काम होते, पण बाहेरच्यांनी घरात यायचे नव्हते. संध्याकाळचे हात थांबले. त्या जुलैत राज्य सरकारने घरगुती मूर्तीला दोन फुटांची आणि सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची मर्यादा घातली. पडवीत होणाऱ्या बहुतेक मूर्ती तशाही घरगुतीच, त्यामुळे मापाने फारसे अडले नाही. अडले माणसांनी. २२ ऑगस्टला चतुर्थी होती आणि तोवर घासणे, रंगवणे, पाट मांडणे सगळे घरच्याच चार-पाच जणांनी निभावायचे होते.

आणि त्याच्या पुढच्या वर्षी पाणी आले. २०२१ ची आषाढी एकादशी २० जुलैला झाली. २२ जुलैच्या पहाटे वाशिष्ठी आणि शिव नदीचे पाणी चिपळुणात शिरले. चिपळूणला पूर नवा नाही, २००५ च्या जुलैचा पूर लोकांच्या चांगला आठवणीत होता आणि सामान कितपत उंच ठेवायचे याचा अंदाज त्यावरूनच बांधलेला होता. या वेळी तो अंदाज पुरला नाही. बाजारपेठ आणि नदीकाठच्या वस्त्यांचे तळमजले पाण्याखाली गेले.

गणपतीला त्या दिवशी बरोबर ५० दिवस होते. म्हणजे मांडण्या भरलेल्या, मूर्ती बहुतेक कच्च्या, रंग अजून दूर. शाडू भाजलेला नसतो, नुसता वाळलेला असतो. तो पाण्यात विरघळावा म्हणूनच वापरतात. विसर्जनाला विरघळायची ती मूर्ती पाटावर बसण्याआधीच गेली. साचे गाळात, कॉम्प्रेसर गाळात, रंगाचे डबे वाहून गेलेले. आणि नव्याने सुरुवात करायची तर पहिली गरज मातीची नव्हे, कोरड्या जमिनीची. गाळ उपसलेल्या घरात भिंती आठवडेच्या आठवडे ओल सोडत राहतात. तिथे घरच्या माणसांना झोपायला कोरडा कोपरा नव्हता, मूर्तीला कुठून आणायचा?

पुढे मदत आली. ३ ऑगस्ट २०२१ रोजी मंत्रिमंडळाने ११,५०० कोटींच्या तरतुदीला मंजुरी दिली. त्यात पूरग्रस्त कुटुंबांना कपडे-भांड्यांसाठी वेगळी रक्कम होती, दुकानदारांना वेगळी. आता पडवीतली शाळा यात कुठे बसवायची? घर म्हणावे तर त्यातले नुकसान धंद्याचे, दुकान म्हणावे तर ना परवाना ना गाळा. वर्षाचे तीन महिने असणारी जागा कागदावर दाखवणे अवघड. तिथे काम करणारे निम्मे लोक रोजगारीवरचे नाहीत, त्यांचे बुडाले काय तेही सांगणे अवघड. सरकारी माणसाचा यात दोष काढण्यात अर्थ नाही. जी जागा आपण स्वतःच कधी मोजली नाही ती दुसऱ्याने कशी मोजावी?

पुरानंतर अनेकांनी जे केले ते साधे आहे: मूर्ती वर नेल्या. मांडण्या माडीवर किंवा गच्चीवर, पत्र्याखाली. पण शाडूची मूर्ती जड आणि ठिसूळ. जिना चढवताना एकदा आणि उतरवताना एकदा, दोनदा जीव मुठीत. शिवाय माडीवरची शाळा रस्त्यावरून दिसत नाही. पडवीतल्या दिव्याकडे बघत आत डोकावणारे पोर जिना चढून येत नाही.

याहून मोठा बदल पाण्याने नव्हे, बांधकामाने होतो आहे. जांभ्याचे घर पडते, तिथे तीन मजली इमारत येते, तिला पार्किंग असते आणि पडवी नसते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तीन महिने ओली माती ठेवू द्यायला सभासद तयार होत नाहीत, आणि त्यांचेही अगदीच चूक नाही. मग मूर्तिकार बाजारात गाळा घेतो. तिथे जागेचे भाडे लागते, विजेचा मीटर व्यापारी दराचा, पाणी विकत, चहा विकत, रात्री राखणीला माणूस. आजवर जे सगळे घरातून फुकट येत होते त्याची एकेक पावती फाटू लागते. मूर्ती महागते, आणि गिऱ्हाईक म्हणते, पेणहून तयार आणलेली स्वस्त पडते. पडते खरी. पेण, हमरापूर, जोहे या गावांनी मूर्तीचा मोठा धंदा उभा केला आहे आणि तो बाराही महिने चालतो. त्याच्याशी भावात स्पर्धा करणे पडवीलाच जमत होते, कारण पडवी आपले भाडे मागत नव्हती.

मला वाटते ते तिने मागावे. म्हणजे भांडून नव्हे. पण मूर्तीची किंमत ठरवताना माती, रंग, मजुरी याच्या खाली आणखी एक ओळ असावी: जागा आणि घर. ती रक्कम वहिनीच्या हातात जावी. ग्राहकाला ती खुपणार नाही. कोकणात गणपतीचा भाव करत नाहीत. पानसुपारी, नारळ ठेवून जे ठरले ते देतात.

चतुर्थीच्या पहाटे शाळा रिकामी होऊ लागते. डोक्यावर पाट, पाटावर गणपती, वर धरलेली छत्री, आणि मागून घंटा वाजवणारे पोर. एकेक नाव वहीतून खोडले जाते. घरचा गणपती पुष्कळदा सगळ्यात शेवटी होतो, कारण गिऱ्हाइकांचे आधी. त्याची आखणी होईतो भटजी दारात येऊन उभे राहिलेले असतात, आणि आतून कुणीतरी विचारत असते की पडवीतली फळी एक तरी काढा, मोदकाचे पातेले ठेवायला जागा नाही.